मिटवामिटवीची किंमत कोण देतं?

(पाबळ, ता. शिरूर, जि. पुणे येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकायला वकिली वाटतो. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपीने गुन्हा कबूल केला किंवा दोन्ही बाजूंत तडजोड झाली, तर न्यायाधीशाने शिक्षा कमी करावी का? केली तर कोणत्या कारणासाठी? पण कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या बाईलाही हा प्रश्न ओळखीचा आहे. गावात त्याचं नाव ‘मिटवून टाका’ असं आहे. पोरीचं लग्न व्हायचंय, मिटवून टाका. पोराचं आयुष्य बरबाद होईल, मिटवून टाका. भावकीतला मामला आहे, चार माणसांत बसून मिटवून टाका.

या मिटवामिटवीत कोण काय देतं आणि कोणाच्या पदरात काय पडतं, ते आज नीट पाहू. कायदा काय म्हणतो, न्यायाधीशांनी आजवर काय केलं आणि आपल्या हातात काय आहे, या क्रमाने बोलते.

कबुलीच्या बदल्यात सवलत

कोर्टाच्या भाषेत ‘प्ली बार्गेनिंग’ नावाचा एक प्रकार आहे. आरोपी म्हणतो, मी गुन्हा कबूल करतो, मला शिक्षा कमी द्या किंवा मोठं कलम काढून लहान लावा. सरकारी वकील मान्य करतात. साक्षी-पुरावे होत नाहीत, खटला लवकर संपतो. अमेरिकेत बहुतेक फौजदारी खटले असेच निकाली निघतात.

तिथलं एक गाजलेलं प्रकरण सांगते. १९७७ साली चित्रपट दिग्दर्शक रोमन पोलान्स्की याच्यावर तेरा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराचे सहा आरोप ठेवले गेले. सौदा होऊन त्याने एका सौम्य आरोपाची कबुली दिली. मुलीला भर कोर्टात साक्ष द्यावी लागू नये, म्हणून तिच्या घरच्यांनाही तो सौदा हवा होता. तपासणीसाठी बेचाळीस दिवस तुरुंगात काढल्यावर त्याला शंका आली, की न्यायाधीश आता सौदा पाळणार नाहीत. १९७८ च्या फेब्रुवारीत तो देश सोडून पळाला. म्हणजे सौदा झाला तरी शेवटचा शब्द न्यायाधीशाचा राहतो, तो काय असेल याची खात्री कोणालाच नसते, आणि निम्मी चर्चा आरोपीवर अन्याय झाला का यावरच होते.

दुसरं प्रकरण फ्लोरिडातलं. जेफ्री एपस्टीन या धनाढ्य माणसाने अल्पवयीन मुलींचं शोषण केलं होतं. २००८ साली झालेल्या करारामुळे तो सुमारे तेरा महिन्यांत बाहेर आला. त्या मुलींना कराराची माहितीच दिली गेली नव्हती. हे कायद्याचं उल्लंघन होतं, असं तिथल्या न्यायाधीशाने २०१९ साली म्हटलं. तोवर मुलींच्या आयुष्याची अकरा वर्षं गेली होती.

आपल्याकडे हा प्रकार फार काळ मान्य नव्हता. अन्नातल्या भेसळीच्या, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली अशा सौद्यावर कडक टीका केली. पुढे २००५ च्या दुरुस्तीने तो फौजदारी प्रक्रिया संहितेत आला आणि ५ जुलै २००६ पासून लागू झाला. आता तो १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पण त्याला पहिल्यापासून कुंपण आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात हा सौदा होत नाही. आणि शिक्षा कितीही कमी असली, तरी स्त्रीविरुद्धच्या गुन्ह्यात तो होत नाही.

हे कुंपण किती मोलाचं आहे ते एका हिशोबावरून कळेल. विनयभंगाच्या कलमाला आज एक ते पाच वर्षं शिक्षा आहे. म्हणजे वर्षांचा विचार केला तर तो सौद्यात बसला असता. सौद्यात किमान शिक्षेच्या निम्मी आणि पहिलाच गुन्हा असेल तर पाव शिक्षाही देता येते. एका वर्षाचे तीन महिने झाले असते. बाईने फिर्याद द्यायला जी हिंमत केली, तिचा भाव तीन महिने! म्हणून स्त्रियांवरील गुन्हे यात आणा असं कोणी सुचवलं, तर आपण सावध असलं पाहिजे. कोर्टांवर खटल्यांचा भार आहे हे खरं, पण तो भार बाईच्या पाठीवर उतरवून हलका करायचा नाही.

न्यायाधीशाच्या हातातली शिक्षा

मग सौदा बंद आहे म्हणून आपण निर्धास्त व्हायचं का? नाही. सौदा दाराने आला नाही तरी खिडकीने येतो, आणि शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला असलेली मोकळीक ही त्याची मोठी खिडकी होती.

आपल्या चळवळीची सुरुवात ज्या खटल्याने झाली तो आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, असं त्या निकालात म्हटलं होतं. १९७६ साली नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं आणि एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. बलात्काराला तेव्हा किमान शिक्षाच नव्हती. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या.

त्यातून १९८३ साली कायदा बदलला. तुमच्या पाबळमध्ये डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला, त्याच वर्षीची ही गोष्ट. बलात्काराला किमान सात वर्षं आणि पोलीस कोठडीतल्या किंवा सामूहिक बलात्काराला किमान दहा वर्षं शिक्षा ठरली. पण पुढे एक शेपूट जोडलं गेलं. पुरेशी आणि विशेष कारणं असतील, तर न्यायाधीश ती लिहून किमान शिक्षेहूनही कमी शिक्षा देऊ शकेल.

त्या शेपटाचं काय झालं? हरियाणातल्या एका खटल्यात दोन पोलिसांना दहा वर्षं शिक्षा झाली होती. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली. कारणांत पीडित मुलीचं ‘वर्तन’ हा शब्द होता. स्त्री संघटनांनी फेरविचार मागितला. तेव्हा न्यायालयाने खुलासा केला, की वर्तन म्हणजे चारित्र्य नव्हे, तिने तक्रार उशिरा केली एवढंच म्हणायचं होतं. शिक्षा मात्र पाचच वर्षं राहिली. पोलिसांनीच अत्याचार केल्यावर बाई कोणत्या तोंडाने पोलीस ठाण्यात लगेच जाणार, हा प्रश्न शिक्षेचा हिशोब करताना कोणाला पडला नाही. मस्तानीची समाधी तुमच्या गावात आहे. बाईची गोष्ट तिच्या चारित्र्यापासून सुरू करायची खोड आपल्याकडे किती जुनी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पंजाबातल्या एका सामूहिक बलात्काराच्या खटल्याचा निकाल २०११ साली लागला. आरोपींनी सुमारे साडेतीन वर्षं तुरुंगात काढली होती. किमान शिक्षा दहा वर्षं होती. घटनेला चौदा वर्षं झाली, सगळ्यांची आपापली लग्नं झाली, आता समेट झाला आहे, या कारणांवरून भोगलेली शिक्षा पुरेशी मानली गेली आणि प्रत्येकाने तिला पन्नास हजार रुपये द्यावेत असं ठरलं. बघा, खटला चौदा वर्षं रेंगाळला तो तिच्यामुळे नाही. पण त्या विलंबाचा फायदा आरोपींना मिळाला.

२७ ऑगस्ट २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी शिंभू विरुद्ध हरियाणा या खटल्यात हा रस्ता बंद केला. बलात्कार हा तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही, समेट हे शिक्षा कमी करण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि तिची संमती खरी की दबावाखालची याची खात्री कधीच देता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने ते शेपूटही काढून टाकलं. २०१८ पासून बलात्काराची किमान शिक्षा दहा वर्षं आहे.

आता सौदा कुठून येतो?

किमान शिक्षेखाली जाता येत नाही म्हटल्यावर सौदा शिक्षेच्या आधीच्या पायऱ्यांवर सरकला आहे. त्या पायऱ्या ओळखून ठेवा.

पहिली पायरी फिर्यादीच्या आधीची. जळगावकडच्या एका खटल्यात शाळकरी मुलीवर दूरच्या नात्यातल्या माणसाने अत्याचार केल्याची तक्रार होती. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर लग्न लावू, असं आधी स्टॅम्पपेपरवर लिहिलं गेलं. पुढे लग्नाला नकार आला तेव्हा फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने अटकपूर्व जामीन दिला, औरंगाबाद खंडपीठाने तो कडक शब्दांत रद्द केला. १ मार्च २०२१ ला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं तेव्हा सरन्यायाधीशांनी आरोपीला, लग्न करणार का, असं विचारलं आणि चार आठवडे अटकेपासून संरक्षण दिलं. देशभर निषेध झाला. आपण लग्न करायला सांगितलं नव्हतं, नोंदीवरून फक्त प्रश्न विचारला होता, असा खुलासा त्यांनी आठवड्याभरात केला. तो मान्य केला तरी मुद्दा उरतोच. असा प्रश्न चोरीच्या खटल्यात विचारत नाहीत. लग्न ही शिक्षेच्या जागी ठेवता येण्यासारखी वस्तू आहे, हा समज गावच्या पारापासून दिल्लीपर्यंत एकच आहे. त्याच महिन्यात, १८ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने अपर्णा भट यांच्या याचिकेवर सांगितलं, की जामिनाच्या आदेशात लग्न, समेट, राखी बांधणं असलं काही येता कामा नये.

दुसरी पायरी फिर्याद रद्द करण्याची. राजस्थानात एका शिक्षकाविरुद्ध विद्यार्थिनीच्या छेडछाडीची फिर्याद होती. त्याने मुलीच्या वडिलांशी समेट केला आणि उच्च न्यायालयाने फिर्याद रद्द केली. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मुलीवरच्या अत्याचाराचा सौदा वडील करू शकत नाहीत, हे आपल्या घराघरांत सांगण्यासारखं आहे.

तिसरी पायरी साक्षीची. फिर्यादी बाई किंवा तिची आई कोर्टात म्हणते, मला काही आठवत नाही. कोर्ट तिला फितूर साक्षीदार ठरवतं. ती का फिरली, तिला कोणी जमिनीच्या बांधावर अडवलं, कोणी पाणी बंद करण्याची धमकी दिली, हे त्या कागदावर क्वचितच येतं. आरोपी सुटतो आणि ‘खोटी केस होती’ असं गाव म्हणायला मोकळं होतं.

चौथी पायरी कलम बदलण्याची. १९ जानेवारी २०२१ ला नागपूर खंडपीठाने एका निकालात म्हटलं, की बारा वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून केलेला स्पर्श हा बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला नाही. म्हणून तीन वर्षांच्या किमान शिक्षेचं कलम गेलं आणि एका वर्षाच्या किमान शिक्षेचं विनयभंगाचं कलम उरलं. शिक्षा कडक आहे म्हणून पुरावाही अधिक कडक हवा, असा एक युक्तिवाद त्या निकालात आहे. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. पण यातून एक गोष्ट दिसली. किमान शिक्षा बांधली, तरी कोणतं कलम लावायचं ही मोकळीक उरते.

मग मोकळीकच नको का?

इथे आपल्यालाही अवघड प्रश्न आहे, तो टाळू नये. न्यायाधीशांचा विश्वास वाटत नाही म्हणून सगळ्या शिक्षा बांधून टाका, फाशी द्या, ही मागणी टाळ्या मिळवते. स्त्री संघटनांतल्या अनेकींनी २०१२-१३ साली दिल्लीच्या घटनेनंतरही फाशीला विरोध केला. शिक्षा जितकी जड, तितकं दोषी ठरवताना न्यायाधीशाचं मन कचरतं. आरोपी घरातलाच असेल तर बाई फिर्यादच देत नाही.

आणि बांधलेल्या शिक्षेचा फटका मुलीलाही बसू शकतो. पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात चौदा वर्षांची मुलगी एका तरुणाबरोबर गेली, पुढे त्यांना मूल झालं. उच्च न्यायालयाने मुलींनाच उपदेश करत त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने तो उपदेश पुसून काढला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला पुन्हा दोषी ठरवलं. मग तिच्याशी बोलायला तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सांगितलं, की तिला घटनेपेक्षा नंतरच्या पोलीस-कोर्टाचा आणि नवऱ्याला सोडवायच्या धडपडीचा त्रास जास्त झाला. २३ मे २०२५ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी आपला विशेष अधिकार वापरून शिक्षा न देण्याचं ठरवलं.

मग पंजाबच्या निकालात आणि या निकालात फरक काय? दोन्हींत शिक्षा टळली किंवा कमी झाली. पंजाबात न्यायालयाने समेटाचा कागद पाहिला. इथे न्यायालयाने तिच्यापर्यंत माणसं पाठवली, ती कशी राहते, तिला काय हवं आहे, गावाने आणि सरकारने तिच्यासाठी काय केलं नाही, हे विचारून घेतलं. आपली मागणी इथेच ठरते. न्यायाधीशाला मोकळीक असावी की नसावी, यापेक्षा त्याने कारणं कोणाच्या आयुष्यातून घेतली ते पाहा. आरोपीचं तरुण वय, त्याची म्हातारी आई, तो एकटा कमावता, ही कारणं प्रत्येक निकालात सापडतात. तिची शाळा सुटली, तिला गाव सोडावं लागलं, तिच्या घरच्यांना कामावर कोणी बोलावत नाही, हे क्वचितच लिहिलेलं असतं.

आपण काय करायचं?

आरोपी दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत वेगळी सुनावणी होते. आपण निकालाच्या दिवशी गर्दी करतो आणि ‘दोषी’ हा शब्द ऐकून परततो. तसं करू नका. त्या सुनावणीत आरोपीचा वकील त्याच्या घरची सगळी हकीकत सांगतो. तिची हकीकत सांगायला तिचा वकील हवा. सरकारी वकिलाला साहाय्य करायला तिला स्वतःचा वकील देता येतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याला त्याची समिती असते. पीडितेला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेण्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खिरीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तो निकाल बलात्काराचा नाही, पण हक्क सगळ्यांचा आहे.

नुकसानभरपाई म्हणजे समेट नाही, हे गावात समजावून सांगा. मनोधैर्य योजना राज्यात २०१३ पासून आहे आणि ती मदत सरकारकडून मिळते, आरोपीच्या खिशातून नाही. आरोपीकडून पैसे घेऊन सही कर, असं कोणी म्हणत असेल तर तिला विचारा, दवाखान्याचा खर्च, शाळा, येण्या-जाण्याचं भाडं याची सोय झाली तर तू सही करशील का? पुष्कळदा ती सही गरजेपोटी होते. शिवाजीनगरच्या कोर्टात तारखेला जायचं तर दिवसाचा रोज बुडतो, कांदा काढणीच्या दिवसांत तर मायलेकी दोघींचा. ते भाडं आणि तो रोज आपल्या गटाने उचलला, तर मिटवामिटवीचं निम्मं बळ जातं.

तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली. समितीत बसणाऱ्या बायांनो, कायद्याने तडजोड न होणारे गुन्हे तुमच्या समितीसमोर येऊच शकत नाहीत. लोकअदालतीतही येऊ शकत नाहीत. कोणी आणलं तर तसं बजावा आणि तिला पोलीस ठाण्यात घेऊन जा.

शेवटची एक मागणी कायद्याकडे. आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली, तर पीडितेला अपील करता येतं. पण शिक्षा कमी झाली म्हणून तिला अपील करता येत नाही, तो अधिकार फक्त सरकारला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हेच सांगितलं आणि नव्या संहितेतही ते बदललेलं नाही. आज तिला सरकारकडे अर्ज करून वाट पाहावी लागते. हा अधिकार तिला मिळाला पाहिजे. जिच्यावर गुन्हा झाला, तिने शिक्षेबद्दल बोलूच नये, ही कुठली रीत? या मेळाव्यातून तसा ठराव करून तालुक्याच्या आमदारांना आणि राज्याच्या विधी व न्याय विभागाला पाठवावा, अशी माझी सूचना आहे. ठरावाचा मसुदा मी आणला आहे. तो वाचून दुरुस्त्या सुचवा, आणि सह्या मात्र समजून-उमजून करा.